अर्धा कोयता

काम असं होतं : सकाळी शेडमध्ये जायचं, दोन्ही दंडांना आणि मनगटांना पट्ट्या बांधायच्या आणि आपल्या नवऱ्याशी किंवा बायकोशी भांडायचं. भांडण खरं हवं. हात उचलावासा वाटला तर उचलायचा, आणि पूर्ण ताकदीने मारायचा. समोरच्याला लागणार नाही, ही जबाबदारी यंत्राची.

दैवशाला सानप आणि तिचा नवरा अंकुश या कामावर लागले तेव्हा ऊसतोडीला माणसं लागणं जवळपास थांबलं होतं. फडात यंत्रं शिरली होती. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या वस्त्यांवर दिवाळीनंतर तोडीला जाणाऱ्यांच्या घरांना कुलपं लागत; आता दिवाळी उलटून गेल्यावरही दारं उघडी दिसू लागली होती, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं.

राज्य सरकारने त्याच सुमाराला रोजगारवाढीचं मोठं अभियान उघडलं होतं. नव्या नोकऱ्यांचा नुसता आकडा सांगितला की विरोधक दर्जा विचारत, म्हणून सरकारने दर्जाचाही निर्देशांक काढला. पगार वेळेवर होतो का, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, राहायला घर आहे का, कामाच्या जागी अपघात किती. ‘अंतरपाट’ या कंपनीची डोंगरपायथ्याची शेड या निर्देशांकात राज्यात अगदी वर होती. पगार एक तारखेला. प्रत्येक जोडीला क्वार्टर. लेकरांना शाळा. अपघात शून्य. दिवसभर नेमकं काय करायचं, याला निर्देशांकात रकाना नव्हता.

यंत्र माणसाच्या उंचीचं होतं. खाली चाकं, वर गादीसारखे मऊ केलेले दोन लांब हात, चेहरा नाही. घरात, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात कुणी कुणावर हात टाकला तर मध्ये पडणं हे त्याचं काम, आणि ते काम शिकण्यासाठी त्याला खरे उगारलेले हात बघायचे होते. कंपनीने त्याला इंग्रजी नाव आणि आकडा दिला होता. कामगार त्याला मामा म्हणत. लग्नात मामा अंतरपाटाजवळ उभा असतो, आणि हवालदारालाही मामाच म्हणतात. दोन्ही अर्थांनी नाव बसलं.

कंपनीने आधी पुण्याहून नट आणून बघितले होते. यंत्र त्यांच्याकडून काहीच शिकलं नाही. कारण साधं आहे. माणूस माणसावर हात उगारतो तेव्हा मेंदूतून दोन आज्ञा सुटतात. एक हात पुढे फेकणाऱ्या स्नायूंना, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, त्याच हाताला मागे खेचणाऱ्या स्नायूंना. ही दुसरी आज्ञा म्हणजे लगाम. घराघरांत पडणाऱ्या बहुतेक थपडा जिवावर बेतत नाहीत त्या तिच्यामुळे. रागाने आंधळा झालेला माणूसही शेवटच्या क्षणी हात थोडा आवरतो आणि आवरला हे त्याला कळतही नाही. नटांचा लगाम हात उचलायच्या आधीच ओढलेला असे. कंपनीला हवा होता तो राग खरा आणि लगाम सैल असलेला माणूस.

हात हलण्याआधी स्नायूंमध्ये विजेचा बारीक तरंग उठतो. दंडावरची पट्टी तो टिपते आणि पापणी लवायच्या आत यंत्राला कळवते : हात कुठला, जोर किती, लगाम किती. कॅमेऱ्याला हात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून यंत्राचा भरवसा डोळ्यांवर नव्हता, पट्टीवर होता. आणि प्रत्येकाची मारण्याची तऱ्हा वेगळी असल्यामुळे ते प्रत्येक जोडी वेगळी शिकत असे. अंकुश मारताना डावा हात चेहऱ्यासमोर धरतो आणि उजवा फेकतो, हे मामाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

जोड्या कुठून आणायच्या, हा प्रश्न बाजीराव घुलेने सोडवला. तो मुकादम होता, त्याचा बापही मुकादम होता. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. सगळा हिशेब कोयत्याचा, माणसाचा नाही. आता त्याच्या कार्डावर ‘मनुष्यबळ समन्वयक’ असं छापलेलं होतं, पण कंपनीच्या लोकांशी बोलताना त्याच्या तोंडून कोयतेच निघायचे. अजून वीस कोयते देतो साहेब, तो म्हणायचा, आणि साहेब आधी दचकायचे.

सुरुवातीला लोक लाजले. यंत्रासमोर बायकोला शिवी द्यायची म्हणजे हसूच फुटायचं. मग कानात घातलेल्या बटणातून विषय यायला लागले. कुणाला सासूचा, कुणाला दारूचा. विषय एक प्रणाली निवडायची. कुठल्या शब्दाने कुणाच्या दंडातला तरंग उसळतो, हे ती आठवड्याभरात ओळखायची. दैवशालासाठी तिने शोधलेला विषय पहिल्या बाळाचा होता. कर्नाटकातल्या एका फडावर, पाचटाच्या कोपीत, ते मेलेलंच जन्मलं होतं. अंकुशने गाडी बोलवायला उशीर केला होता. ही गोष्ट त्या दोघांनी कधी तोंडातून काढली नव्हती. आता ती रोज निघू लागली.

पहिल्यांदा तिने हात उचलला तेव्हा तिचा तिलाच धक्का बसला. मामाची गादी मध्ये आली आणि तिचा तळवा तिच्यात रुतला. अंकुशला हसू आलं. मग त्याने उचलला. तोही रुतला. त्या संध्याकाळी दोघं क्वार्टरात आले तेव्हा अंग मोकळं झालं होतं. कित्येक महिने घरात आवाज चढला नाही. वसाहतीत सगळ्यांचंच तसं झालं होतं. भांडण ड्युटीवर अन् लाड क्वार्टरात, असं बाया एकमेकींना म्हणायच्या. शाळेच्या बाईंनी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की इथली लेकरं शांत आहेत.

ओवी सात वर्षांची होती. एका सकाळी दैवशाला भाकरी थापत होती आणि ओवीने तापलेल्या तव्याकडे हात नेला. कुठलीही आई करील तेच दैवशालाने केलं; लेकराच्या हातावर चापट मारली. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. ओवी आधी रडलीच नाही. ती आपल्या बोटाकडे बघत राहिली, जे मागच्या बाजूला वळलं होतं.

दवाखान्यातल्या कंपाउंडरने पट्टी बांधता बांधता सांगितलं की अशी लेकरं हल्ली बरीच येतात. कुणाचं मनगट, कुणाचा कानाचा पडदा. परवा एका म्हातारीचा खुबा. सगळं घरात घडलेलं, त्यामुळे कंपनीच्या अपघातांत त्याची नोंद नाही.

दैवशाला तिथून थेट शाल्मली दातेकडे गेली. शाल्मली तिशीच्या आतली अभियंता होती, या जोड्यांचे आलेख बघणं तिचं काम होतं, आणि बायांशी नीट बोलणारी ती एकटीच होती. तिने दैवशालाचे पहिल्या महिन्याचे आणि आताचे आलेख पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात दोन डोंगर होते, एक मोठा आणि त्याच्या मागे एक लहान. आताच्यात एकच होता.

“हा लहान म्हणजे लगाम,” शाल्मली म्हणाली. “तो गेलाय, ताई.”

“गेला म्हंजी कुठं गेला?”

शाल्मलीने समजावून सांगितलं. मेंदू लगामावर ताकद खर्च करतो, कारण लागलं तर काय होतं हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. इथे रोज शंभर वेळा हात उगारायचा आणि एकदाही कुणाला लागायचं नाही. मेंदू हिशेबी असतो. ज्याची गरज पडत नाही ते तो सोडून देतो. हे कंपनीला आधीपासून माहीत होतं का, असं दैवशालाने विचारलं. शाल्मली म्हणाली की लगाम नसलेले आलेख सर्वांत स्वच्छ येतात, यंत्र त्यातून लवकर शिकतं, आणि सानप जोडीला पगाराची वरची श्रेणी मिळाली ती त्याच्यासाठीच.

दैवशाला म्हणाली की रानात अंकुश कोयता फिरवायचा आणि ती त्याच्या मागे वाकून मोळी बांधायची. पातं कानाजवळून जायचं. इतक्या वर्षांत साधा ओरखडा नाही.

लगाम परत येतो का, असं तिने शाल्मलीला विचारलं. काम बंद केलं तर येत असावा, शाल्मली म्हणाली. कुणी बंद करून बघितलेलं नाही.

त्या दुपारी दैवशालाने अंकुशला सांगितलं की आपण हे सोडायचं. ते स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभे होते. तिच्या हातात सांडशीत धरलेला तवा होता. ती तो घासायला उतरवत होती. बोटाला पट्टी बांधून ओवीला शाळेत पाठवलं होतं.

अंकुशने आधी नीट ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की आपल्या सात पिढ्यांत एक तारखेला पगार कुणी बघितला नाही. डोक्यावर स्लॅब कुणी बघितला नाही. लेकरू वर्षाची सगळी शाळा एका जागी करतंय. बोट काय, जुळतं.

“आज बोट मोडलं,” ती म्हणाली. “उद्या मान मोडंल. माझा हात थांबत न्हाई, आवो. तुमचाबी थांबत नसंल.”

“मग लेकराला हात लावू नको. एवढं सोपंय.”

“माय हाय मी तिची.”

“माय हाईस तर मग तिच्या पोटाचं बघ की. का त्याच्यासारखंच हिलाबी—”

वाक्य तिथेच राहिलं. पहिल्या बाळाचा विषय शेडच्या बाहेर आजवर कुणी काढला नव्हता. दैवशालाचा आवाज चढला, अंकुशचा डावा हात चेहऱ्यासमोर आला आणि उजवा निघाला. पण तिचा आधी पोचला होता, तव्यासकट. तवा त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली बसला आणि दोन्ही हाडं मोडली. एक कातडी फोडून बाहेर आलं.

पुढे पोलिसांना सांगताना दोघांनीही एक गोष्ट स्वतंत्रपणे, पण सारखीच सांगितली. तवा येताना अंकुशला दिसला होता. त्याला बाजूला होता आलं असतं. तो झाला नाही. तिलाही त्याचा हात दिसला होता आणि तिनेही मान मागे घेतली नव्हती. दोघंही मामाची वाट बघत होते.

बाजीराव घुले दवाखान्यात आला तेव्हा अंकुशच्या हातात सळई घातलेली होती. मुकादमाने सफरचंदं आणली होती. त्याने आधी तव्याची थट्टा केली, वहिनीच्या हातची भाकरी जपून खात जा म्हणाला, आणि मग मुद्द्यावर आला. नेमणूक जोडीची आहे. जोडी मोडली की नेमणूक मोडली, क्वार्टर गेलं, आणि क्वार्टर गेलं की शाळा गेली. हात जुळेपर्यंत कंपनी थांबणार नाही. पण त्याच्याकडे लिंबाजी खाडे नावाचा एक अर्धा कोयता पडून होता. त्याची बायको मथुरा जबडा मोडून घेऊन माहेरी गेली होती. दोन अर्धे मिळून एक पुरा होतो. लिंबाजीने अंकुशच्या पट्ट्या बांधायच्या, अंकुशच्या नावाने उभं राहायचं. फडात मुकादम हेच करत आला होता. कुणाचा नवरा तापाने पडला की कुणाचा भाऊ लावायचा. कारखान्याला टनाशी मतलब.

“मामाला कळंल की,” दैवशाला म्हणाली.

“मामाला डोळं कुठं हाईत? पट्टी बघतंय ते. पट्टी अंकुशची, म्हंजी माणूस अंकुश.”

दैवशालाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं तो नाही म्हणेल. परका पुरुष आपल्या बायकोवर हात उगारणार, आपल्या नावाने. अंकुशने डाव्या हाताने उशीखालून पट्ट्या काढल्या आणि मुकादमाच्या हातात दिल्या. हात जुळेपर्यंतच, तो भिंतीकडे बघत म्हणाला. ओवीची परीक्षा होईपर्यंत.

ती गेली. ती कामावर का गेली हे पुढे न्यायालयात न्यायाधीशांनीही विचारलं. तिने सांगितलं की हाताचं भय होतं, पण लेकराच्या शाळेचंही भय होतं, आणि शाळेचं भय आधी येणार होतं.

लिंबाजी चाळिशीचा, दाढी वाढलेला, कमी बोलणारा माणूस होता. त्याने तिला नमस्कार केला. मला बोलायचं जमंल का नाही माहीत नाही, असं तो म्हणाला. ती म्हणाली, बोलायचं काम कानातलं बटण करतं. ते दोघं आखलेल्या चौकोनात उभे राहिले आणि मामा मध्ये सरकला.

बटणातून विषय आला. प्रणालीच्या दृष्टीने समोर अंकुश सानप होता, म्हणून विषयही तोच : कर्नाटकातला फड, कोपी, न आलेली गाडी. लिंबाजीला त्यातलं काही माहीत नव्हतं. दैवशालाला माहीत होतं. तिने डोळे मिटून सुरुवात केली आणि शब्द आपोआप आले. तू माणूस न्हाईस. तुला लेकरू मेलेलं चाललं, झोपमोड चालली न्हाई. लिंबाजीच्या कपाळावरची शीर उठली. एक बाई त्याच्यासमोर उभी राहून त्याला त्याचं माणूसपण विचारत होती, आणि मथुराही जाताना, तुटक्या जबड्याने, हेच बोलली होती.

लिंबाजी डावखुरा होता. हे मुकादमाने सांगितलं नव्हतं, कारण ऊस तोडणाऱ्याचा हात कुठला याने टनात फरक पडत नाही.

त्याच्या डाव्या दंडातला तरंग उसळला. मामाने तो अंकुशच्या तऱ्हेने वाचला : डावा वर येतोय, म्हणजे चेहरा झाकतोय, म्हणजे पाठोपाठ उजवा येणार. त्याने दोन्ही गाद्यांमध्ये लिंबाजीचा उजवा हात धरला. डावी मूठ कुणीही न अडवता दैवशालाच्या कानाखाली बसली. त्या मुठीलाही लगाम नव्हता. ती आडवी पडली. तोंडातून रक्त आलं आणि त्याबरोबर दोन दात.

त्या शेडमध्ये याआधी कुणाचंही रक्त सांडलं नव्हतं. शेजारच्या चौकोनातल्या जोड्या भांडायच्या थांबल्या.

मामाही थांबला. तो लाखो उगारलेल्या हातांवर शिकला होता आणि त्यातला एकही कुणाला लागला नव्हता. लागल्यानंतर काय होतं, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. तो लिंबाजीचा उजवा हात धरून उभा राहिला.

दैवशाला उठली. तिने काही ठरवलं नाही, असं तिने नंतर सांगितलं, आणि ते आलेखातही दिसतं. मूठ लिंबाजीच्या गळ्यावर, घाटीवर बसली. आत काहीतरी चिरडल्याचा आवाज तिच्या हाताला जाणवला. लिंबाजीचा एक हात धरलेला होता, म्हणून त्याला मागे पडताही आलं नाही. तो मामाच्या हाताला लोंबकळला. घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिची मूठ पुन्हा गेली, आणि पुन्हा. शेवटी दुसऱ्या जोडीतल्या दोघांनी तिला कमरेला धरून मागे ओढलं, आणि ओढताना तिने त्यातल्या एकाचं नाक फोडलं.

मामा लिंबाजीला धरून होता. स्नायू शांत झाले की सोडायचं, हे त्याला पक्कं शिकवलेलं होतं. थोड्या वेळाने त्याने सोडलं.

शाल्मली वरच्या खोलीतून धावत आली तेव्हा तिच्या पडद्यावर अंकुश सानपची रेघ सपाट झालेली होती. खाली पडलेला माणूस अंकुश नव्हता. तिने मुकादमाला विचारलं, हा कोण. बाजीराव घुले पांढरा पडला होता, पण त्याला चूक अजून कळली नव्हती.

“कोयता पुरा करून दिला, मॅडम,” तो म्हणाला. “अर्ध्यावर काम कसं भागंल?”

कंपनीचा वकील पोलीस कोठडीत तिला भेटायला आला तो चांगली बातमी घेऊन. लिंबाजी खाडेला त्या दिवशी शेडमध्ये येण्याची परवानगी नव्हती. तो दुसऱ्याच्या पट्ट्या बांधून आत शिरला आणि त्याने एका महिला कर्मचाऱ्यावर हल्ला केला. तिने स्वतःचा जीव वाचवला. एवढंच सांगायचं, आणि त्याला ओळखत नव्हते असं म्हणायचं. खटला उभाच राहणार नाही. नोकरी राहील, क्वार्टर राहील, पोरगी आईजवळ राहील. बाहेरचा माणूस आत घुसला तर तो कामावरचा अपघात होत नाही, त्यामुळे कंपनीचाही शून्य शून्यच राहील. वकिलाने हे लपवलं नाही. तो सभ्य माणूस होता.

दैवशालाने विचारलं, मग मथुराला काय मिळंल? वकील म्हणाला, घुसखोराच्या बायकोला काय मिळणार.

रात्रभर विचार करायला वेळ घ्या, असं तो सांगून गेला. तिला तेवढा लागला नाही. ती दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होती. पोरगी आईजवळ राहील, हे वकिलाने वचन म्हणून सांगितलं होतं, आणि तिला ते धमकीसारखं ऐकू आलं होतं.

न्यायालयात तिचा जबडा सुजलेला होता, त्यामुळे ती सावकाश बोलली.

“त्यो लिंबाजी खाडे. मी त्याला ओळखत होते. मुकादमानं जोडी लावली, माझ्या नवऱ्यानं पट्ट्या दिल्या अन् मी उभी ऱ्हायले. मारलं मीच.” कंपनीचा वकील उठू लागला. “अन् साहेब, मला जामीन नको. घरी लेकरू हाय.”

न्यायाधीशांना वाक्य उलटं वाटलं. लेकरू आहे म्हणून जामीन मागतात. त्यांनी पुन्हा विचारलं आणि तिने पुन्हा तेच सांगितलं.

तिच्या जबाबाने बऱ्याच गोष्टी हलल्या. लिंबाजीचा मृत्यू कामावरचा ठरला. बाजीराव घुलेला अटक झाली आणि त्याच्या जागी त्याचा भाऊ आला. शाल्मलीने राजीनामा दिला. लागलेल्या त्या एका ठोशाचा आलेख यंत्राला शिकवू नये, असं तिने लिहून दिलं होतं. तो शिकवला गेला. मामाची पुढची आवृत्ती लागल्यानंतरचा हातही अडवते आणि ती परदेशात चांगली खपते आहे. मथुरा खाडेला नियमाप्रमाणे अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली, त्याच शेडमध्ये. नोकरी जोडीचीच असते. अंकुशचा हात तोवर जुळला होता. दोन अर्धे होते. नव्या मुकादमाने कोयता पुरा केला, या वेळी खऱ्या नावांनी आणि नव्या पट्ट्यांनी. दोन नवी नेमणूकपत्रं निघाली आणि त्या तिमाहीच्या रोजगारवाढीत दोन नव्या, उत्तम दर्जाच्या नोकऱ्या म्हणून धरली गेली. नियमात ते बसत होतं.

अंकुश जिल्हा कारागृहात भेटीला आला तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. भेटीच्या खोलीत जाड काच होती, दोन्ही बाजूंना फोन. त्याने सगळं सांगितलं. मथुराबाई वाईट नाही. क्वार्टर जोडीला एकच, म्हणून ती आतल्या खोलीत आणि तो व ओवी बाहेरच्या. लोक काय बोलायचं ते बोलतात. पगार परत वरच्या श्रेणीत गेलाय.

“इतक्या लवकर?” तिने विचारलं. “विषय काय देतंय तुम्हाला?”

अंकुशने फोनची दोरी बोटाभोवती गुंडाळली.

“तूच,” तो म्हणाला. “तू तिच्या नवऱ्याला मारलंस, हेच. मी तुझ्या बाजूनं बोलायचं.”

ते भांडण खरं होतं. शेड सुटली तरी ते संपत नव्हतं, असं तो म्हणाला. आपल्या दोघांचं कसं तिथंच संपायचं. हे क्वार्टरात येतं. मथुराबाई पातेलं आपटते, मग तो बोलतो, मग ती बोलते. पण अजून काही झालेलं नाही. मोठं काही नाही. दोनदा हात उठले, तेवढ्यात थांबले.

“तुमचा हात थांबला?”

“ओवीनं थांबवला.” त्याच्या आवाजात, तिला वाटलं, थोडा अभिमान होता. “पोरगी लई हुशार झालीय. आवाज चढला की तिला आधीच कळतंय कोण कुठनं मारणार. दोन्ही हात असे पसरून आमच्या दोघांच्या मधी येऊन उभी ऱ्हाती.”

दैवशालाचा हात त्याच्या दिशेने गेला आणि काचेवर बसला. काच फुटायची नव्हती. ती तशीच केलेली होती. हाताची हाडं फुटली. अंकुशने पलीकडे मान मागेही घेतली नव्हती. शिपाई बाई धावली आणि तिने दैवशालाला खांद्याला धरलं. तोवर तिने खाली लोंबणारा फोन दुसऱ्या हाताने उचलला होता.

“तिला माझ्या भावाकडं पोचवा,” ती म्हणाली. “आजच. इथनंच जावा, शाळंतनं उचला अन् पोचवा.”

अंकुशने काचेवर राहिलेल्या तांबड्या डागाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तो तिला समजावत होता, आवाज अगदी मऊ होता.

“वर्षाच्या मधीच कसं काढू गं तिला?” तो म्हणाला. “एवढी चांगली शाळा हाय.”